खालच्या रस्त्याची गाडी

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. नाशिककरांना त्याचं कौतुक जरा जास्तच, कारण कसारा घाट टळला. इगतपुरीजवळ डोंगराच्या पोटातून आठेक किलोमीटरचा जुळा बोगदा गेला आहे. काच वर करायची, गाणं लावायचं, ते संपायच्या आत सह्याद्री मागे पडतो. अट एवढीच की गाडी चारचाकी हवी. दुचाकीला समृद्धीवर मज्जाव आहे, मग ती शंभर सीसीची स्प्लेंडर असो की एबीएस, सहा गिअर आणि जाडजूड टायर असलेली चारशे सीसीची मोटारसायकल. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरही पहिल्यापासून हाच न्याय.

बंदीमागची कारणं समजतात. ताशी १२० च्या वेगमर्यादेच्या रस्त्यावर हेल्मेट हातात अडकवून तिघे बसलेली दुचाकी शिरली तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. पण इंग्लंडात पन्नास सीसीच्या वरची मोटारसायकल मोटरवेवर चालते, आणि आपल्याकडे स्प्लेंडर व चारशे सीसीची हिमालयन यांत कायद्याला फरकच दिसत नाही, हे मला पटत नाही. ते असो. परिणाम असा की नाशिकहून लांब निघणारा मोटारसायकलवाला आजही खालच्याच रस्त्याने जातो. मुंबईकडे कसारा घाट. उत्तरेला ओझर, पिंपळगाव, चांदवडच्या पुढचा राहुड घाट, मग धुळे आणि सेंधवा. पश्चिमेला त्र्यंबकवरून मोखाडा, जव्हार. वर वणीवरून सापुतारा. या रस्त्यांवर टोमॅटोचे क्रेट लादलेला पिकअप असतो, उलट्या दिशेने येणारा विनालाइटचा ट्रॅक्टर असतो, गावात शिरताना कुणीतरी रातोरात घातलेला पांढरा पट्टा नसलेला गतिरोधक असतो, आणि पावसाळ्यात इगतपुरीला असं धुकं की पुढच्या ट्रकची मागची पाटी वाचता येत नाही.

लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकल ‘बनवून घेणं’ म्हणजे तिला या रस्त्याच्या लायक करणं. लोक मात्र ती लडाखसाठी बनवतात आणि सापुताऱ्याला जातात. बहुतेक पैसा तिथेच वाया जातो.

*

नाशिकचं एक बरं आहे. गोदाघाट, द्राक्षं, मिसळ ही ओळख पाहुण्यांसाठी. गावाचं पोट बऱ्याच अंशी सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीवर चालतं. महिंद्राची थार इथे बनते. बॉशचा कारखाना इथे आहे, जुनी मंडळी त्याला अजून मायकोच म्हणतात. सिएटचे टायर सातपुरात बनतात. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने मिगपासून सुखोईपर्यंत लढाऊ विमानं बांधली. या मोठ्या नावांच्या मागे पत्र्याच्या लहान शेड आहेत. कुठे लेझर कटिंग, कुठे पाइप बेंडिंग, कुठे सीएनसी, कुठे नुसतं पावडर कोटिंग. दिवसभर तिथे कंपनीच्या ड्रॉइंगबरहुकूम ब्रॅकेट तयार होतात. मिलिमीटरचा फरक पडला तर माल परत येतो.

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलला जे जे लोखंडी लागतं ते नेमकं हेच आहे. सामानाची रॅक, लेग गार्ड, इंजिनाखालची प्लेट, लाइटचे क्लॅम्प. इतर गावांत हे काम गेट-ग्रील बनवणाऱ्याकडे जातं. तो वाईट कारागीर असतो असं नाही, पण त्याची सवय न हलणाऱ्या वस्तूंची. मोटारसायकल हलते, आणि एक सिलिंडरची असेल तर थरथरते. ग्रीलवाला रॅक थेट चासीला वेल्ड करून देतो. दिसायला मजबूत. पण वेल्डच्या उष्णतेने त्याच्या लगतचं लोखंड कमकुवत होतं आणि हजारो किलोमीटरच्या थरथरीनंतर तडा तिथूनच जातो. कारखान्यात काम केलेला फिटर चासीला वेल्डिंगची ज्योत लावूच देत नाही. कंपनीने जी बोल्टची भोकं दिली आहेत त्यांवरच तो रॅक बसवतो, मध्ये रबराचा बुश घालतो, डोक्यावर ८.८ कोरलेला बोल्ट आणि आत नायलॉन असलेला नट वापरतो. मग सांगतो, पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत येऊन आवळून घ्या.

अशा एका मिस्त्रीचा पहिला प्रश्न मला फार आवडतो. गाडी स्टँडवर लावली की तो विचारतो, “दादा, लांब जायचंय की गावात दाखवायचंय?” दोन्हींचे दर वेगळे नाहीत, पण काम वेगळं आहे. दाखवायची असेल तर गार्डचा पाइप जितका जाड तितका चांगला. लांब जायचं असेल तर पाइपची जाडी बेताची ठेवायची, कारण गाडी पडल्यावर आधी गार्ड वाकला पाहिजे. तो वाकला नाही तर सगळा धक्का चासीला जातो. वाकलेला गार्ड धुळ्याला कोणीही सरळ करून देईल. वाकलेली चासी कोणी देणार नाही.

मोटारसायकलचा देखणा, एकांडा नमुना बनवणं ही वेगळी कला आहे. मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’ने ती आपल्याकडे प्रतिष्ठेला नेली, आणि तिचा आदर आहेच. पण लांब हँडलची, लांबोडक्या पुढच्या फोर्कची चॉपर घेऊन कसारा उतरून दाखवावं. माझ्या लेखाचा विषय ती गाडी नव्हे.

*

पूर्वी लांबच्या प्रवासासाठी वेगळी गाडी असते, ही कल्पनाच नव्हती. १९५५ मध्ये मद्रासला बुलेट जोडली जाऊ लागली, साठच्या दशकात म्हैसूरहून जावा आली, पुढे तिचीच येझदी झाली. फरीदाबादची राजदूत दूधवाल्यांपासून तलाठ्यांपर्यंत सगळ्यांची. लांब जायचं म्हणजे यातली जी असेल ती घेऊन जायचं. तयारी म्हणजे जास्तीचा प्लग, पॉइंट घासायला पॉलिश पेपर, आणि क्लचची जादा वायर आधीच मूळ वायरीला समांतर बांधून ठेवलेली, म्हणजे तुटली की नुसती टोकं बदलायची. या शेवटच्या युक्तीला मी आजही सलाम करतो. तिला ना खर्च, ना दिखावा.

विशाखापट्टणमच्या भारद्वाज दयालांनी २००६–०७ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली, १६ देश आणि सुमारे ४७ हजार किलोमीटर. गाडी होती हिरो होंडाची करिझ्मा, २२३ सीसीची, गावागावात कॉलेजला जाणारी पोरं चालवत ती. म्हणजे हातात असलेल्या गाडीने जग फिरता येतं हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. मग २०१६ साली रॉयल एनफील्डची हिमालयन आली. ४११ सीसी, चोवीस-साडेचोवीस घोड्यांची ताकद, म्हणजे आकड्यांत काहीच नाही. पण पुढचं चाक २१ इंची, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची, १५ लिटरची टाकी, आणि सामान बांधायला कारखान्यातूनच आलेले आधार. माझ्याकडे यातलीच एक जुनी आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आकुर्डीच्या बजाजने डॉमिनार ४०० आणली. ती वेगात हिला सहज मागे टाकते, पण टाकी १३ लिटरची. २०२० मध्ये चाकणहून केटीएमची ३९० अॅडव्हेंचर. एवढ्या चार वर्षांत लांब जाणाऱ्याला निवड करायची पाळी आली.

*

आता खरा मुद्दा, आणि तो गादीचा आहे.

मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचं वजन पेलतात ती बैठकीची दोन हाडं. शोरूममध्ये मऊ गादी सुखाची वाटते. पण मऊ फोम तासाभरात दबतो, हाडं आत जातात आणि वजन हाडांवरून मांसावर येतं. रक्त अडतं, मग मुंग्या, मग कळ. दोनशे किलोमीटरनंतर माणूस इकडून तिकडे सरकू लागतो आणि त्याचं लक्ष रस्त्यावरून उडतं. मला विचाराल तर लांबच्या प्रवासातला खरा धोका वेगाचा नाही, या चुळबुळीचा आहे. म्हणून लांबची गादी थोडी कडक, हाडांखाली रुंद आणि मांडीपाशी निमुळती लागते. शिवाय ती टाकीकडे उतरती असेल तर दर ब्रेकला माणूस पुढे घसरतो. उतार काढून ती सपाट करावी लागते.

हे काम इंटरनेटवरून मागवलेल्या जेलच्या उशीने होत नाही. नाशिकमध्ये रिक्षा आणि टेम्पोच्या गाद्या शिवणारे कुशनवाले आहेत. त्यांच्यातले दोघे-तिघे मोटारसायकलचंही काम जाणून आहेत. ते गाडीवर बसवून घेतात, पाय टेकवायला लावतात, मागे उभे राहून पाठीचा बाक बघतात. मग गादी फाडून फोम कापतात, कडक थर खाली आणि पातळ मऊ थर वर चिकटवतात, पावसाचं पाणी शिरू नये म्हणून आत प्लॅस्टिक घालतात. एका दिवसात होणारं काम. गावात चक्कर मारून मात्र त्याचा निकाल लागत नाही; कोणतीही गादी पहिल्या तासाला चांगलीच असते. ती तीनशे किलोमीटरनंतर बोलते, आणि तेव्हा गाठायचा असतो पुन्हा तोच कुशनवाला.

उंची कमी असलेल्यांसाठी गादी हा सुखाचा नव्हे, पाय जमिनीला पोचण्याचा प्रश्न आहे. जुन्या हिमालयनची गादी ८०० मिलिमीटरवर होती, नव्या ४५० ची ८२५ पासून सुरू होते. चढावर, खडीत, मागे सामान असताना एक पाय अधांतरी राहिला की दोनशे किलोची गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. इथेही बरेच जण सस्पेन्शन खाली करून घेतात. ते करू नये. गाडीची वळण्याची रीतच बदलते आणि पोट गतिरोधकाला घासतं. आधी गादीच्या कडा कापून निमुळत्या कराव्यात. त्या अर्ध्या इंचाने बरंच काम होतं.

हँडलचंही तसंच. उंच माणसाला ते थोडं वर आणि जवळ लागतं; त्यासाठी रायझर नावाचे अॅल्युमिनियमचे ठोकळे मिळतात. इंच-पाऊण इंच उचललं की खांदे सैल होतात. पण बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहायचं. क्लचची वायर आणि ब्रेकचा पाइप ताणला जात असेल तर तो रायझर तुमच्या गाडीचा नाही. काही जण हे पाहत नाहीत आणि मग घाटात यू-टर्न घेताना गाडी आपोआप रेस होते, कारण अॅक्सिलरेटरची वायर ओढली जाते.

उंच काचेबद्दल एक वाक्य पुरे: ती वारा थांबवत नाही, तो दुसरीकडे पाठवते, आणि ते दुसरीकडे म्हणजे तुमचं हेल्मेट असेल तर काच नसलेली बरी. हँड गार्ड मात्र मी कोणालाही सुचवेन. जानेवारीत पहाटे निफाडवरून येवल्याकडे गेलेल्यांना कारण सांगावं लागत नाही.

*

सामान लादायचं कसं, यात गादीइतकंच शहाणपण लागतं आणि त्याहून कमी दिसतं.

मागे उंच टॉप बॉक्स लावून त्यात सगळं जड सामान भरलेली गाडी हायवेवर पावलोपावली दिसते. ते वजन मागच्या चाकाच्या अक्षाच्याही मागे असतं. तरफेच्या नियमाने पुढचं चाक हलकं होतं, आणि ऐंशी-नव्वदच्या पुढे, शेजारून बस गेली की हँडल थरथरू लागतं. चालवणाऱ्याला वाटतं टायर खराब आहे. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, साखळीचं ऑइल, पाणी, या खाली आणि जमेल तितक्या पुढे हव्यात, दोन्ही बाजूंना सारख्या. टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि चिवडा.

कायद्यानेही इथे माप दिलं आहे. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार मोटारसायकलच्या मागच्या पेटीची लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि पेटी मागच्या माणसाच्या जागेवर बसवली असेल तर मागे माणूस बसवता येत नाही. आणखी एक गंमत. त्याच नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे मागच्या प्रवाशासाठी हात धरायला दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण सक्तीचं आहे. हे तिसरं म्हणजे आपला साडी गार्ड. बाजूच्या पेट्या लावताना पोरं सगळ्यात आधी तोच काढतात, गबाळा दिसतो म्हणून. २०२३ मध्ये पुण्याची रमिला लटपटे नऊवारी नेसून मोटारसायकलने जग फिरायला निघाली. तिची गोष्ट या पोरांना सांगावीशी वाटते.

पेट्रोलचे जादा डबे, जेरीकॅन, हा तर निव्वळ अलंकार. त्यांचा उगम खरा आहे. मनालीहून लेहला जाताना तांदीच्या पंपावर वर्षानुवर्षं पाटी होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तिथे १३ लिटरच्या टाकीत हिशेब अगदी कडेला येतो आणि डबा लागतोच. पण नाशिक ते जव्हार कशाला? पिंपळगाव ते धुळे पेट्रोलपंपांची रांग लागलेली आहे. तरी रिकामे हिरवे-लाल डबे दोन्ही बाजूंना लटकवलेल्या गाड्या गंगापूर रोडच्या कॅफेबाहेर उभ्या असतात.

*

लाइट मात्र लागतातच. कसाऱ्याच्या धुक्यात कारखान्याचा पांढरा हेडलाइट धुक्यावरच आपटून डोळ्यांत परत येतो. खाली, गार्डच्या पातळीवर लावलेले दोन पिवळे दिवे रस्त्याची कड दाखवतात आणि तेवढं पुरतं. चूक होते ती वायरिंगमध्ये. चाळीस-चाळीस वॉटचे दोन दिवे बारा व्होल्टवर जवळजवळ सात अँपिअर खेचतात. एवढा करंट हँडलवरच्या नाजूक बटनातून थेट नेला तर बटन वितळतं, आणि कधीकधी वायरिंगही. रिले लावायचा, बॅटरीजवळ फ्यूज टाकायचा, कंपनीची वायर कुठेही न कापता कपलर वापरून जोडणी करायची. मग मोबाइल चार्जर, गरम ग्रिप, कॅमेरा हे सगळं एकत्र चालू ठेवण्याआधी गाडीचा आल्टरनेटर किती वॉटचा आहे हे पाहायचं. रात्रभर मुक्कामानंतर सकाळी सेल्फ न लागणाऱ्या बहुतेक गाड्यांचा आजार हाच असतो. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारे पांढरे झगझगीत दिवे लावणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही; त्यांच्यासमोरून येणारे ट्रकवाले त्यांना योग्य त्या शब्दांत सांगतात.

टायरच्या बाबतीत फुशारकीला जागा नाही. मोठे दात असलेले टायर चिखलासाठी असतात; ते पावसाळी डांबरावर वळणात घसरतात आणि लवकर झिजतात. खालच्या रस्त्याला अर्धे-अर्धे टायर बरे. जुन्या हिमालयनच्या आऱ्यांच्या चाकांत ट्यूब आहे, म्हणजे पंक्चर झालं की चाक खोलावं लागतं. हे चाक घरी, दिवसाउजेडी, चहा पीत एकदा तरी स्वतः खोलून बसवून पाहावं. मोखाड्याच्या अलीकडे संध्याकाळी सहाला ते पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये. त्यासाठी लागणारा पाना कंपनीच्या हत्यारांच्या पुडीत असतोच असं नाही, हेही त्या चहाच्या वेळी कळतं.

*

सायलेन्सरचा विषय मला कंटाळवाणा वाटतो, पण टाळता येत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या फटाक्या सायलेन्सरवर रोलर फिरवला. फोटो छापून येतात, पुन्हा बाजारात तेच सायलेन्सर. १७५ सीसीवरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. दंडापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. लांबच्या प्रवासात तो आवाज आठ-दहा तास तुमच्याच कानात जातो आणि थकवा त्यातूनही येतो. लांब जाणारे मुरलेले लोक उलट कानात बोळे घालतात. गाडी जितकी मोठ्याने ओरडते तितकी ती कमी किलोमीटर फिरलेली असते, असा माझा अनुभव आहे.

कायद्याचं म्हणाल तर परिस्थिती बहुतेकांना वाटते त्याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवली. रंग बदलायचा तरी पेठ रोडच्या आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते. बोल्टवर बसणारी, कधीही काढता येणारी रॅक आणि चासी कापून केलेला बदल यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हा तो याच फरकाकडे बघतो. मिस्त्रीचा वेल्डिंगला नकार आणि कायद्याचा नकार एकाच जागी येऊन मिळतात, हा योगायोग मला बरा वाटतो.

हेल्मेटबद्दल नाशिकला वेगळं सांगायला नको. १५ ऑगस्ट २०२१ पासून इथल्या पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम चालवली. पंपावर उसनं हेल्मेट घालून पेट्रोल भरणारी गर्दीही आपण पाहिली.

गॅरेजवाले जे वीसेक वर्षं करत आले ते आता कंपन्या पार्ट नंबर टाकून विकतात. बजाजने २०२१ मध्ये डॉमिनार ४०० ला उंच काच, हँड गार्ड, इंजिनाखालची प्लेट, कॅरिअर, लेग गार्ड, सामानाचे आधार आणि यूएसबी चार्जर कारखान्यातच बसवून द्यायला सुरुवात केली. रॉयल एनफील्डमध्ये गाडी बुक करतानाच गादी, काच, गार्ड निवडता येतात. वॉरंटी शाबूत राहते, फिटिंग सरळ बसतं; अंबडच्या शेडला ही खरी स्पर्धा. पण कंपनीची गादी सरासरी माणसासाठी असते आणि सरासरी माणूस अजून माझ्या ओळखीचा झालेला नाही. कुशनवाल्याचा धंदा सुरक्षित आहे.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर २८ चा १८ टक्के झाला. त्यापुढच्यांवर सेस धरून ३१ होता, तो ४० झाला. म्हणजे क्लासिक ३५० सामान्य माणसाची, आणि ४५२ सीसीची हिमालयन शीतपेयांसोबत चैनीच्या रांगेत. लांबच्या प्रवासाच्या बहुतेक गाड्या या रेषेच्या वर आहेत. ज्यांना समृद्धीवर येऊ द्यायचं नाही त्यांच्याकडूनच जास्त कर घ्यायचा, यातली सुसंगती कोणी मला समजावून सांगावी. याचा एक परिणाम उघड आहे: नवी घेण्याऐवजी जुनी घेऊन ती नीट करून घेणारे वाढणार.

*

गाडीत कितीही सुधारणा केल्या तरी तिला एक कमकुवत जागा राहते, ती म्हणजे ती उभी असतानाची. मुंबईचा योगेश आळेकरी २०२५ मध्ये केटीएम ३९० अॅडव्हेंचरवरून लंडनला निघाला. १७ देश, चोवीस हजारांच्या आसपास किलोमीटर. वाळवंटं, सरहद्दी, बर्फ सगळं पार पडलं. ऑगस्टच्या अखेरीस नॉटिंगहॅममध्ये भरदिवसा चोरांनी कुलूप तोडून गाडी पळवली आणि तिच्यावरच्या पेट्यांमधला पासपोर्ट, कागदपत्रं, पैसे, सगळंच तिच्यासोबत गेलं. पुढे तिथल्याच एका मोटारसायकल विक्रेत्याने त्याला दुसरी गाडी दिली, ही या गोष्टीतली चांगली बाजू. पेट्यांना कुलपं असतात म्हणून आपण त्यांना तिजोरी समजतो. त्या रॅकसकट जातात. पासपोर्ट आणि पैसे अंगावरच्या जाकिटात हवेत, आणि ढाब्यावर गाडी जेवणाच्या टेबलावरून दिसेल अशी लावायची. यासाठी कुठला पार्ट मिळत नाही.

आणि शेवटी विकायची वेळ. जुनी गाडी घेणारा सगळ्यात आधी विचारतो, “काका, स्टॉक आहे ना?” गादी, रॅक, लाइट, रायझर, यांवर घातलेल्या पैशाचा एक रुपयाही तो देत नाही, उलट वायरिंगला हात लागलाय म्हटल्यावर भाव पाडतो. म्हणून मूळ गादी, मूळ आरसे, मूळ साडी गार्ड हे गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवायचं, चिठ्ठीसकट, कुठला बोल्ट कुठे जातो ते लिहून. गाडी विकताना तिला पुन्हा कारखान्यातून आली तशी करून द्यायची आणि बाकीचं सामान वेगळं विकायचं. माझ्या ओळखीतल्या एकाने अशीच हिमालयनची रॅक डॉमिनार घेतलेल्या एका कॉलेजच्या पोराला स्वस्तात दिली. ती अर्थातच त्या गाडीला बसली नाही. पोरगा ती घेऊन अंबडला गेला, तिथे दोन क्लॅम्प नव्याने कापून घेतले, आणि रॅकच्या किमतीपेक्षा क्लॅम्पचं बिल जास्त झालं.